माळ्यावरचा डबा आणि चार अक्षरं

दिवाळीच्या आधी माळा आवरणं म्हणजे आमच्या घरातलं वार्षिक उत्खनन. यंदा आईचा पितळी स्टोव्ह निघाला, दादाची बारावीची गाइडं निघाली, आणि सगळ्यात मागे, चादरीत गुंडाळलेला, माझा जुना गेमचा कन्सोल. (कुठल्या कंपनीचा, ते मुद्दाम सांगत नाही.) सोबत गुंता झालेले दोन कंट्रोलर आणि एक प्लास्टिकचा डबा. डब्यात चाळीसेक डिस्क.

लेक चौदा वर्षांची आहे. तिने डिस्क जमिनीवर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि विचारलं, "बाबा, ह्या दोनच डिस्कवर चित्र का आहे? बाकी सगळ्यांवर तुझं अक्षर का?"

आता काय सांगणार? खरं ते सांगितलं. चित्रवाल्या दोन डिस्क दादाने, म्हणजे तिच्या काकाने, न्यू जर्सीहून येताना विकत घेऊन आणल्या होत्या. साल २००३. बाकीच्या मार्करने नावं लिहिलेल्या सगळ्या लॅमिंग्टन रोडच्या.

"म्हणजे चोरीच्या?"

"हो."

गंमत पुढेच आहे. कन्सोल मी सिंगापूरहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून घेतला होता. दादाने हौसेने, डॉलर मोजून आणलेल्या दोन्ही डिस्क त्याच्यात चालेनात. अमेरिकेतल्या डिस्क अमेरिकेतल्या यंत्रासाठी, आशियातलं यंत्र आशियातल्या डिस्कसाठी. दादाचा चेहरा अजून आठवतो. आठ हजार मैलांवरून आणलेला खाऊ नासका निघावा, तसा. मग मी तो डबा पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला नेला. एका गाळ्यातल्या मुलाने अर्ध्या तासात आत एक नखाएवढी चिप बसवली, पंधराशे रुपये घेतले, आणि म्हणाला, "आता सगळं चालेल." दादाच्या डिस्क चालल्या. आणि चिप बसवता बसवता त्याने जो पुठ्ठ्याचा खोका माझ्यासमोर सरकवला होता, त्यातल्याही चालल्या. पहिल्या दिवशी मी तीन घेतल्या. पुढचा हिशेब तुम्ही डब्यात पाहिलाच.

"मग ती चिप बसवणं गुन्हा होता का नव्हता?" लेकीने विचारलं. मला सांगता येईना. म्हणून गेले काही दिवस रात्री बसून वाचत होतो, आणि जे सापडलं ते इतकं रंजक निघालं की इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात आपल्या लहानपणापासूनच करू. माझ्या वयाच्या मंडळींना नव्वदीच्या सुरुवातीचा 'टीव्ही गेम' आठवत असेल. मे महिन्याची सुट्टी, शेजारच्यांचा टीव्ही, आणि ती जाडजूड 'कॅसेट', जिच्यावर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत खऱ्या गेम पाच-सहाच असायच्या. कोणाचंही यंत्र, कोणाचीही कॅसेट, घाला आणि खेळा. फार तर फुंकर मारून घाला. हे सगळं इतकं बिनबोभाट का चालायचं, हे मला परवा कळलं. ती यंत्रं निन्टेंडोच्या जपानमधल्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. फॅमिकॉम १९८३ मध्ये आला तेव्हा त्याला कुलूपच नव्हतं.

कुलूप आलं अमेरिकेत. तिथे १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. ज्याने त्याने उठून गेम काढल्या होत्या, दुकानं भिकार मालाने भरली होती. त्यामुळे निन्टेंडोने १९८५ मध्ये तेच यंत्र अमेरिकेत नेलं तेव्हा आत एक छोटी चिप बसवली, आणि तिची जोडीदार चिप प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. दोघींचं संभाषण जुळलं तरच खेळ सुरू. नाही जुळलं तर यंत्र दर सेकंदाला आपलं पुन्हा पहिल्यापासून. दर्जा राखणं हे कारण होतंच, पण यंत्रावर कोणी गेम विकायच्या आणि किती द्यायचं, हे ठरवण्याची सत्ताही त्या कुलपातच होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कुलूप जन्माला आलं ते फक्त चोरापासून वाचण्यासाठी नाही. ते बाजार ताब्यात ठेवण्यासाठीही आलं.

त्या काळात कुलूप उघडणं हा आपोआप गुन्हा नव्हता. अटारी गेम्स या कंपनीने निन्टेंडोच्या चिपची प्रतिचिप बनवली आणि परवानगीशिवाय कॅसेट विकायला सुरुवात केली. खटल्यात त्यांची बाजू लंगडी पडली, पण का? त्यांच्या वकिलांनी अमेरिकेच्या कॉपीराईट ऑफिसात 'खटल्यासाठी हवं आहे' असं खोटं सांगून निन्टेंडोच्या प्रोग्रामची प्रत मिळवली होती! १९९२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की हक्काने हातात आलेल्या चिपचा अभ्यास करणं वेगळं, आणि लबाडीने मिळवलेला कागद समोर ठेवून नक्कल करणं वेगळं.

त्याच वर्षी दुसरा निकाल आला. 'गेम जिनी' नावाचं एक उपकरण होतं. कॅसेट आणि यंत्राच्या मध्ये ते बसवायचं, की मारिओला वाटेल तितके जीव मिळायचे. निन्टेंडो म्हणाली, ही आमच्या कलाकृतीची परवानगीशिवाय केलेली नवी आवृत्ती आहे. खालच्या न्यायालयाने १९९१ मध्येच त्याला पुस्तकाची पानं गाळून वाचण्याची उपमा दिली होती. तुम्ही पुस्तक विकत घेतलंत, आता मधली पानं सोडा नाहीतर शेवट आधी वाचा, लेखकाचा त्याच्याशी संबंध नाही. वरच्या न्यायालयाने १९९२ मध्ये तेच उचलून धरलं. खटला चालू असताना गेम जिनीची विक्री बंद पाडल्याबद्दल निन्टेंडोला पुढे दीड कोटी डॉलर भरावे लागले.

म्हणजे १९९२ पर्यंतचा हिशेब सरळ होता. कायदा विचारायचा, 'नक्कल केलीस का?' नसेल केली, तर आपल्या घरातल्या डब्याशी काय करायचं ते कर.

हा प्रश्न बदलला १९९६ मध्ये. त्या डिसेंबरात जिनिव्हात कॉपीराईटविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. इंटरनेट येत होतं, एका बटणात प्रत निघत होती, आणि लेखक, संगीतकार, स्टुडिओ सगळेच धास्तावले होते. करारात एक कलम आलं: आपल्या कृतीच्या रक्षणासाठी निर्माते जी तांत्रिक कुलपं लावतील, ती तोडण्याविरुद्ध देशांनी पुरेसे कायदे करावेत. अमेरिकेने १९९८ मध्ये तसा कायदा केला. आता नवा प्रश्न आला: 'कुलूप तोडलंस का?' आत शिरून काही चोरलंस की नाही, हे नंतर.

इथे एक मिनिट थांबून कुलूप कसं चालतं ते पाहू, कारण पुढची सगळी भांडणं त्याच्यावर आहेत. सोनीचा पहिला प्लेस्टेशन जपानमध्ये १९९४ च्या अखेरीस आला. त्याच्या गेम साध्या सीडीवर असायच्या, आणि सीडी तर घरच्या कॉम्प्युटरवर नक्कल करता येते. मग सोनीने काय केलं? अस्सल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, जिथून लेझर वाट धरतो, ती वाट अगदी सूक्ष्म लयीत नागमोडी ठेवली. त्या वळणांत चार अक्षरं लपवली. एस, सी, ई, आणि चौथं अक्षर प्रदेशाचं. अमेरिकेसाठी ए, युरोप-ऑस्ट्रेलियासाठी ई, जपानसाठी आय. घरचा सीडी रायटर डिस्कवरची सगळी माहिती उतरवतो, पण वाटेचं ते डोलणं त्याला उतरवता येत नाही. यंत्र सुरू होताना ती चार अक्षरं शोधतं. सापडली नाहीत तर नकार. आणि चौथं अक्षर दुसऱ्या प्रदेशाचं असलं, तरीही नकार.

मॉडचिप काय करते? काही तोडत नाही, काही चोरत नाही. यंत्र अक्षरं विचारतं तेव्हा ती मधूनच ओरडून सांगते, 'हो हो, आहेत!' बस्स. यंत्राला एकाच नकाराचा हुंदका माहीत होता, चोरासाठीही आणि दादासाठीही. तसा चिपलाही एकच होकार माहीत होता, दोघांसाठी.

मग न्यायालयांनी काय म्हटलं? कॅलिफोर्नियात एका दुकानाने परदेशी अस्सल गेम अमेरिकन प्लेस्टेशनवर चालवून देणारं 'गेम एन्हान्सर' विकायला ठेवलं होतं. १९९९ मध्ये तिथल्या न्यायालयाने नव्या कायद्यावर बोट ठेवून ती विक्री थांबवली. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये प्लेस्टेशन २ च्या 'मसाया' नावाच्या चिपचा खटला चालला. चिप विकणाऱ्यांनी बचाव केला की लोक परदेशातून आणलेल्या अस्सल डिस्क खेळायलाही ती वापरतात. न्यायालयाला तो पटला नाही. दोन्ही ठिकाणी आमच्या दादाची बाजू हरली, असंच म्हणायचं.

आणि मग ऑस्ट्रेलिया.

सिडनीत स्टीव्हन्स नावाच्या माणसावर सोनीने खटला भरला. हा माणूस काही साधुसंत नव्हता, हे आधीच सांगतो. तो नकली गेमही विकायचा आणि चिपाही बसवून द्यायचा. ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर सोनी जिंकलीच. भांडण उरलं ते चिपेचं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात २००० सालच्या दुरुस्तीने, जी मार्च २००१ पासून लागू झाली, 'तांत्रिक संरक्षण उपाय' अशी एक संज्ञा आली होती. कॉपीराईटचा भंग रोखण्यासाठी किंवा त्याला अटकाव करण्यासाठी बनवलेलं साधन, असा तिचा थोडक्यात अर्थ. ते निष्प्रभ करणारी वस्तू विकणं बेकायदा. तर प्रश्न असा: सोनीची चार अक्षरं हे असं साधन आहे का?

ऐकायला बाळबोध वाटतो ना प्रश्न? पण पहिल्या न्यायालयाने २००२ मध्ये 'नाही' म्हटलं, वरच्याने २००३ मध्ये 'हो' म्हटलं, आणि ६ ऑक्टोबर २००५ ला तिथल्या हायकोर्टाच्या सहा न्यायमूर्तींनी एकमताने पुन्हा 'नाही' म्हटलं. (ऑस्ट्रेलियात हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट. त्याच्या वर कोणी नाही.)

त्यांचं म्हणणं मी माझ्या लोकलच्या भाषेत सांगतो. समजा कोणी घरी बसून रेल्वेचा नकली पास छापला. गुन्हा कधी झाला? छापला तेव्हा. टीसी गाडीत काय करतो? पास बघतो आणि नकली असेल तर उतरवतो. छापणाऱ्याचा हात तो धरत नाही. प्लेस्टेशनमधलं कुलूप हा टीसी आहे. डिस्कची नक्कल होते तेव्हा हे कुलूप तिथे नसतंच. नक्कल झाल्यावर ती चालू द्यायची की नाही, एवढंच ते पाहतं. सोनी म्हणाली, अहो पण पास चालणारच नाही म्हटल्यावर छापेल कोण? न्यायालयाने उत्तर दिलं की ते झालं नाउमेद करणं. कायद्याने म्हटलंय रोखणं किंवा अटकाव करणं. कायदा जितकं बोलतो तितकंच आम्ही वाचणार.

सोनीचा दुसरा युक्तिवाद जास्त हुशार होता. गेम चालू असताना तिचे तुकडे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत येतात. ती नक्कलच नाही का? मग कुलूप नक्कल रोखतंच की! न्यायालय म्हणालं, त्या क्षणभराच्या सावलीतून पुन्हा प्रत काढता येत नाही, तेव्हा आमच्या कायद्याच्या अर्थाने ती प्रत नव्हे.

पण मला जिथे थांबून पाणी प्यावंसं वाटलं, ती जागा वेगळी आहे. पहिल्या न्यायालयात ऑस्ट्रेलियाचा स्पर्धा आणि ग्राहक आयोग न्यायालयाचा मित्र म्हणून उभा राहिला होता. त्याचा मुद्दा चौथ्या अक्षराचा होता. ज्याने परदेशात पैसे मोजून अस्सल डिस्क घेतली, तो कोणाचा कॉपीराईट बुडवतोय? त्याला अडवणारं कुलूप कॉपीराईट राखत नाही, दर देशातला बाजार आणि भाव वेगळा राखतंय. हायकोर्टातही हा धागा सुटला नाही. संज्ञेचा अर्थ इतका सैल करू नये की कॉपीराईटच्या नावाखाली कंपनीला कायद्याने न दिलेली सत्ता मिळेल, असं न्यायमूर्तींनी बजावलं. न्यायमूर्ती मायकल कर्बी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात विकत घेतलेल्या वस्तूच्या मालकाचा, ती वस्तू कायदेशीरपणे वापरण्याचा हक्कही मोजला.

रात्री दीड वाजता हे वाचताना मला दादाचा तो चेहरा आठवला. कॅनबेरातल्या सहा न्यायमूर्तींना तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण त्याच्या बाजूने कोणीतरी बोललं होतं!

अर्थात गोष्ट तिथे संपली नाही. अमेरिकेशी झालेला मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००५ पासून, म्हणजे निकालाच्या आधीच लागू झाला होता, आणि त्यात कुलपांना अमेरिकेसारखं कडक संरक्षण देण्याचं वचन होतं. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २००६ मध्ये कायदा बदलला आणि नुसता प्रवेश रोखणारं कुलूपही संरक्षित झालं. टीसीलाही वर्दी मिळाली म्हणा ना. पण एक गोष्ट त्यांनी राखली. परदेशात घेतलेली अस्सल गेम वा चित्रपट ऑस्ट्रेलियात चालू न देणारं, केवळ बाजाराचे प्रदेश पाडणारं कुलूप नव्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलं. निकाल गेला, पण चौथं अक्षर वाचलं.

युरोपच्या न्यायालयानेही जानेवारी २०१४ मध्ये निन्टेंडोच्या एका खटल्यात सांगितलं की कुलपाला संरक्षण आहे, पण ते गरजेपुरतंच. न्यायाधीशांनी हेही पाहावं की अशी साधनं लोक प्रत्यक्षात कशासाठी वापरतात. अमेरिकेत मात्र गाडी हळू चालते. तिथे दर तीन वर्षांनी सवलतींची यादी ठरते. २०१० मध्ये फोनला सवलत मिळाली, २०१२ मध्ये कन्सोलला नाकारली, आणि २०२१ मध्ये मिळाली ती फक्त डिस्क वाचणारा बिघडलेला भाग दुरुस्त करण्यापुरती. तीही काम झाल्यावर कुलूप पुन्हा होतं तसं लावण्याच्या अटीवर. म्हणजे सुताराने दार दुरुस्त करून किल्ली मालकाला नाही, तर बिल्डरला परत द्यायची.

आता आपल्याकडे. लेकीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर इथे आहे. २००३ मध्ये भारताच्या कॉपीराईट कायद्यात कुलपाचं कलमच नव्हतं. तेव्हा चिप बसवणं हा कुलूप तोडण्याचा गुन्हा नव्हताच. त्या नकली डिस्क तेव्हाही बेकायदाच होत्या, त्यात शंका नको. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण एक शब्द फार मोलाचा आहे: हेतू. कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडलं तर गुन्हा. कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी उघडलं तर नाही.

आणि एक मजेदार अट आहे. अशा कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, कशासाठी उघडून दिलं, याची पूर्ण नोंद ठेवायची! लॅमिंग्टन रोडच्या त्या गाळ्यात एक वही होती, हे मी शपथेवर सांगतो. पण ती उधारीची होती.

गंमत सोडा, तो 'हेतू' शब्द मला काही दिवस टोचत राहिला. कारण तो शब्द यंत्राकडे नाही, माझ्याकडे बोट दाखवतो. इतकी वर्षं मी ही गोष्ट मित्रांना सांगताना 'दादाच्या डिस्कसाठी चिप बसवली' असंच सांगत आलो. खोटं नाही ते. पिशवी घेऊन निघालो तेव्हा हेतू तोच होता. पण त्या अर्ध्या तासात खोका समोर आला आणि हेतू बदलला. माझ्या चाळीस डिस्क बघून उद्या कोणी म्हणालं की 'पाहा, चिप म्हणजे चोरीच', तर त्याला काय उत्तर देऊ? दादाच्या दोन डिस्कचा खरा मुद्दा माझ्याच चाळीस डिस्कखाली गाडला गेला. स्टीव्हन्सच्या खटल्यात तेच होतं. मालकाच्या हक्काचा इतका मोठा प्रश्न, आणि तो घेऊन न्यायालयात उभा कोण, तर नकली गेम विकणारा.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या गेमना तर डिस्कच नाही. सगळं डाउनलोड. मग त्या माझ्या आहेत का?"

ह्या प्रश्नावर अजून वाचतोय. तिच्या यंत्रात घालायला अस्सल डिस्क नाही आणि नकलीही नाही. कुलूप तेवढं आहे, आणि किल्ली दूर कुठेतरी. पण तो वेगळा लेख होईल.

असो. चाळीस डिस्क कचऱ्यात गेल्या. कन्सोल पुसून, वायरी सोडवून, परत माळ्यावर गेला, चिपेसकट. दादा, वाचत असशील तर सांगतो, तुझ्या दोन डिस्क मात्र कपाटात आहेत. चालतात अजून.